पारावरची राज्यक्रांती

परीक्षा जवळ आल्या की सांगलीतलं एखादं कॉलेज मला बोलावतं. अभ्यास कसा करावा यावर मुलांना दोन शब्द सांगा म्हणतात. मी उभा राहतो, 'विद्यार्थी मित्रांनो' मधल्या पहिल्याच अक्षरावर अडकतो आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. मी थांबतो. त्यांना पोटभर हसू देतो. माझं तोतरेपण माझ्यासोबत म्हातारं झालंय, त्याला आता घाई नाही. हसून झालं की मी एवढंच सांगतो: तोंड मिटा आणि लिहा. मोठ्यानं वाचू नका. कुणाला ऐकवू नका. आईबापानं कौतुक केलं तर समजा की अभ्यास बिघडला.

प्राचार्यांना हे आवडत नाही. त्यांना पहाटे उठा, दूध प्या, आत्मविश्वास ठेवा असलं काहीतरी हवं असतं. ते दुसऱ्या पाहुण्याकडून ऐकावं. मला जे ठाऊक आहे ते मी माझ्या चुलतभावाच्या जिवावर शिकलो, आणि ते मऊ करून सांगायची माझी इच्छा नाही.

आमचं गाव फलटणच्या बाजूचं, पाटाच्या पाण्याखालचं. दुष्काळात आम्ही पोरं सरकारनं वाटलेल्या सुकडीच्या रांगेत उभी राहिलो होतो, पण पाट पुन्हा वाहायला लागला तसा ऊसही उभा राहिला आणि माणसांची मानही. घर एकत्र. कारभार थोरल्या चुलत्यांकडं, त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. माझे वडील धाकटे. पलटणीत आयुष्य काढून आलेले, हुकूम ऐकायची सवय हाडात मुरलेली. पलटणीत साहेबाचा ऐकला, घरी भावाचा. तात्यांचा मुलगा आणि मी एका वयाचे. गावच्या शाळेत बरोबर गेलो, साताऱ्याच्या कॉलेजात बरोबर गेलो, विषयही एकच घेतला, इतिहास. आमच्या घरात त्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. आम्ही दोघं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचलो तेव्हा गावाला वाटलं, आता साताऱ्याहून सरकारच उठून आपल्या गावात येणार.

परीक्षेआधी कॉलेज बंद व्हायचं. त्या सुट्टीला आम्ही पी.एल. म्हणायचो. वसतिगृहाची खानावळही बंद, म्हणून अभ्यासाला घरी. शहाण्या मुलानं पी.एल.मध्ये घरी जाऊ नये. हे मी आज सांगतो. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

आम्ही गाठोडी खाली ठेवली, त्याच संध्याकाळी तात्यांनी आम्हाला मारुतीच्या पारावर नेलं. पारावर नेहमीची माणसं होती. तात्यांनी त्यांच्यादेखत सांगितलं की घरात दोघं शिकलेले परवडायचे नाहीत, जमिनीला माणूस पाहिजे. जो पास होईल त्यानं पुढं शिकावं, नोकरी बघावी, घरचं त्याला कुणी काही मागणार नाही. जो नापास होईल त्यानं खोरं उचलावं आणि पुन्हा कॉलेजचं नाव काढू नये. दोघं पास झाले तर काय, असं कुणीतरी विचारलं. तात्या माझ्याकडं बघून हसले.

"ह्यो? ह्येला सोताचं नाव सांगायला सकाळची दुपार व्हती. ह्यो काय पास व्हतोय."

पार हसला. माझे वडीलही त्यात थोडे हसले. मी ते बघितलं.

आता आमच्याकडं अभ्यास म्हणजे काय समजत, ते सांगायला हवं. श्रावणात गावात पोथी लागायची. वाचणारा एक, ऐकणारं सगळं गाव. बैठक ठरलेली, तोंड पूर्वेला, आवाज वेशीपर्यंत गेला पाहिजे. अध्याय सुरू केला की पुरा करूनच उठायचं. मधे कुणी हाक मारली, वाचणारा चुकला, कुत्रं पायात आलं, तर अध्याय पुन्हा पहिल्यापासून. अर्धा सोडलेला अध्याय घरावर येतो अशी समजूत. पोथीचा मान आमच्या घराकडं होता आणि वाचणारा चुलतभाऊ. बाराव्या वर्षापासून तोच वाचायचा. आवाज असा, की बायका दळण ठेवून यायच्या. आता ज्या माणसांनी उभ्या जन्मात पुस्तक म्हणून एक पोथीच बघितली, त्यांना दुसरं पुस्तक वेगळं वाचतात हे कुठून कळणार? तात्यांनी भावाला पारावर बसवला. तोंड पूर्वेला. समोर चौरंग, चौरंगावर धुतलेला पंचा, पंच्यावर युरोपचा इतिहास. उदबत्तीसुद्धा लावली.

"सुरू कर. आन् आर्द्यात उठायचं न्हाई," तात्या म्हणाले.

आणि त्यानं सुरू केलं. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं, प्रकरण पहिलं. खोटं कशाला बोलू, मीही उभा राहून ऐकलं. राजा, सरदार, धर्मगुरू, उपाशी शेतकरी, सगळे त्याच्या गळ्यातून चालत आल्यासारखे यायचे. आठवड्याभरात गावाला राज्यक्रांती पाठ झाली. म्हातारी माणसं तंबाखू मळत राजाला शिव्या द्यायची. एका आजीनं त्याला विचारलं, त्या राणीचं फुडं काय झालं रं? मुंडकं उडवलं, त्यानं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "ब्येस झालं. लय माजली व्हती."

मधे असं कुणी विचारलं की तात्या बोट वर करायचे. भाऊ पुन्हा पहिल्या कारणापासून लागायचा.

माझा अभ्यास असा नव्हता. मला मोठ्यानं वाचताच येत नाही. शाळेत गुरुजी गंमत म्हणून मला उभा करायचे आणि वर्ग खिदळायचा, तेव्हापासून मी वाचायचं सोडून लिहायला लागलो होतो. पाटी घ्यायची, प्रश्न मनात धरायचा, उत्तराचे मुद्दे लिहायचे, पुस्तकाशी ताडायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. कुठूनही प्रश्न घ्यायचा, आज शेवटचा, उद्या मधला. कॉलेजातही मी हेच करायचो आणि तिथं कुणी विचारत नव्हतं. घरी मात्र विशीतला, मिशी फुटलेला बाप्या भिंतीला टेकून पाटीवर रेघोट्या ओढतोय हे दृश्य बघायला शेजारपाजार यायला लागलं. कुणी विचारायचं, बिगरीत बसलास व्हय पुन्यांदा? चुलत बहिणीची पोरगी माझ्याशेजारी स्वतःची पाटी घेऊन बसायची आणि बायका आम्हा दोघांची तुलना करायच्या. पोरीचं अक्षर चांगलं आहे म्हणायच्या.

तात्यांना ते सहन झालं नाही. घरातून आवाज नाही म्हणजे अभ्यास नाही, हा त्यांचा साधा हिशेब. एका दुपारी ते सोप्यात येऊन माझ्यासमोर बसले.

"वाच."

मी पाटी दाखवली.

"लिवलेलं मला कळत न्हाई. वाच. ऐकू दे."

मी पुस्तक उघडलं. 'फ' वर गेलो आणि तिथंच राहिलो. बोलताना माझी मान एका बाजूला ओढली जाते, डोळे मिटतात. तात्या शांतपणे बघत होते. दारात भाऊ उभा होता, माझे वडील उभे होते. शब्द आला तेव्हा घामानं अंगरखा भिजला होता. तात्यांनी माझ्या हातातली पाटी घेतली, उंबऱ्यावर ठेवली आणि टाचेखाली मोडली. रागानं मोडली असती तर मला कमी लागलं असतं. त्यांनी ती विळ्यानं कणीस तोडावं तशी मोडली, काम म्हणून.

"ह्येचं शिक्षण झालं. उद्यापास्नं दारं धरायला जाऊ दे. परीक्षेला बसायचं आसंल तर बसू दे बापडा, यष्टीत तेवडंच फिरून यील."

माझे वडील पुढं झाले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "तुकडं भर. पोरींच्या पायाला लागतील."

मी तुकडे भरले.

दारं धरणं म्हणजे उसाला पाणी पाजणं. पाटातून पाणी सरीत सोडायचं, सरी शेवटापर्यंत भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बांधायचं आणि शेजारच्या सरीचं तोंड फोडायचं. मग तीही भरेपर्यंत उभं राहायचं. काम जड नाही, पण माणूस हलू शकत नाही. पाणी कुणाची वाट बघत नाही. माझ्याकडं खोडव्याचं, तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचं रान दिलं, गुडघ्याएवढा ऊस, डोक्यावर सावली नाही. पहिला दिवस मी नुसता तात्यांना मनातल्या मनात मारण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी सरीकडं लक्ष गेलं. मागच्या पाळीला पाटाचं पाणी आलं होतं, त्याबरोबर आलेला गाळ सरीच्या तळाला बसून वाळला होता. गुळगुळीत, काळा, पाटीसारखा. मी बाभळीची काटकी घेतली आणि बसलो.

एक सरी भरायला जो वेळ लागायचा तेवढ्यात शेजारच्या कोरड्या सरीत एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं. मुद्दे, त्याखाली पोटमुद्दे, शेवटी निष्कर्ष. सरी भरली की उठायचं, जी सरी लिहिली तिचंच तोंड फोडायचं. पाणी यायचं आणि राज्यक्रांती बुडायची. लिहून झालं नसेल तरी बुडायची. सुरुवातीला अर्धीअधिक उत्तरं पाण्यानं खाल्ली. मग हात बसला. पाणी तोंडाशी येण्याआधी निष्कर्षाचा पूर्णविराम पडायला लागला. चुकलो तर खोडायला वेळ नसायचा, म्हणून चुकायचं कमी झालं. पुस्तक धोतराच्या घडीत बांधून बांधावर ठेवलेलं असायचं. ते फक्त भाकरीच्या वेळी उघडायचं आणि कुठं चुकलं ते बघायचं.

गावातून पारावरचा आवाज वाऱ्यावर यायचा. प्रकरण पहिलं, कारण पहिलं. माझ्या सरीत तोवर वॉटर्लू झालेलं असायचं.

हे सांगितल्यावर एकदा सांगलीतला एक प्राध्यापक मला म्हणाला, म्हणजे तुमच्या काकांनी तुमच्यावर उपकारच केले की. मी त्याला म्हणालो, पाटी तुमची मोडली असती तर हे बोलला असतात का? तात्यांनी माझं भलं व्हावं म्हणून काही केलं नाही. मी नापास व्हावा म्हणून केलं, आणि मी झालो नाही. यात उपकार कुठं आला?

भाऊ मात्र वाईट नव्हता. एकदा तो माझ्या रानात आला. त्याच्या हातात तुपाचा लाडू होता, त्याच्या आईनं गळ्यासाठी मिरी घालून केलेला. अर्धा मला दिला. सरीत काय लिहिलंय ते उकिडवा बसून बघत राहिला आणि म्हणाला, ह्ये तू मधनंच कसं काय सुरू करतोस? मला तिसरं कारण पायजे आसलं तरी पयल्यापास्नं यावं लागतं. मी त्याला म्हणालो, मग येऊ नगंस, तिसऱ्यावरच उतर. तो हसला. गाव ऐकतंय रं, म्हणाला, मधनं सुरू केलं तर म्हातारी माणसं उठून जातील. हे तो गर्वानं बोलला नाही. खरंच त्याला त्या माणसांची चिंता होती. त्यांच्यासाठी तो गोष्ट नीट सांगत होता. परीक्षा कुणाला द्यायची, हे त्याच्या डोक्यातून निघूनच गेलं होतं.

तेवढ्यात पाणी आलं. तो पायजमा वर करून बांधावर उडाला.

परीक्षेला निघालो त्या दिवशी अर्धं गाव स्टँडवर. भावाच्या कपाळाला बुक्का, गळ्यात नारळाचं तोरण घालायचंच बाकी होतं. प्रत्येकानं त्याला काही ना काही सांगितलं. पेनाला हळदकुंकू लाव, उजवा पाय आधी टाक, पेपर मिळाला की आधी डोळं झाक. मला कंडक्टरनं सांगितलं, तुझी पेटी टपावर टाक.

साताऱ्यात राजवाड्याजवळ गावातल्याच एका माणसाची खोली होती, तिथं उतरलो. भावानं पहिल्याच संध्याकाळी म्हणायला सुरुवात केली तर शेजारच्या बिऱ्हाडानं भिंत ठोकली. तो हळू आवाजात म्हणायला लागला आणि थोड्या वेळानं घाबऱ्या तोंडानं माझ्याकडं वळला. हळू म्हटलं की त्याला पुढचं आठवत नव्हतं. उद्याला बरं व्हईल, तो म्हणाला. ते त्यानं स्वतःलाच सांगितलं.

हॉलमध्ये त्याचा बाक माझ्या पुढं, एक रांग सोडून. पेपर वाटले. पहिलाच प्रश्न राज्यक्रांतीच्या आर्थिक कारणांवर. पुस्तकात ती कारणं तिसऱ्या क्रमांकावर. मला तो प्रश्न बघून सरीतल्या चिखलाचा वास आला आणि मी लिहायला लागलो. थोड्या वेळानं मला आवाज ऐकू आला. सगळ्या हॉललाच आला. भाऊ म्हणत होता. राजाची अनियंत्रित सत्ता, कारण पहिलं. हळू, पण त्या सुरात. तिसऱ्या कारणापर्यंत पोचायचं तर त्याला पहिल्यापासून निघावं लागत होतं.

पोरं हसली. सुपरवायझर आले, बाकावर पट्टी आपटली, गप्प लिही म्हणाले. तो गप्प झाला. त्याची मान खाली गेली आणि पेन थांबलं. पाच-सहा ओळींनंतर पुन्हा मान डुलायला लागली, पुन्हा आवाज. पुन्हा पट्टी. आणि दर वेळी पट्टी पडली की, मी मागून ओळखत होतो, तो पुन्हा पहिल्यापासून लागत होता. तात्यांचं बोट हॉलपर्यंत आलं होतं. शेवटी सुपरवायझरांनी त्याला उठवून स्वतःच्या टेबलाशेजारी, सगळ्या हॉलकडं तोंड करून बसवला. बारा वर्षांचा असल्यापासून तो माणसांकडं तोंड करून बसत आला होता. पहिल्यांदाच त्याला तोंड उघडायची बंदी होती. मी माझा पेपर लिहिला. वर बघत बसलो असतो तर माझंही पाणी आलं असतं.

खोलीवर आल्यावर तो जेवला नाही. भिंतीकडं बघत म्हणाला, "तू मनातल्या मनात कसं म्हंतोस रं?"

"म्हनतच न्हाई. लिवतो," मी म्हणालो. ते सांगायलाही मला बराच वेळ लागला.

"मला समदं येतंय गड्या. तुला म्हायतीय. तोंड हाललं न्हाई की डोस्क्यात नुस्तं काळं व्हतं. काय करू सांग."

महिनाभर सगळं गाव त्याला सल्ले देत होतं. आता तो मला मागत होता, ज्याला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. उद्याचा पेपर उद्या होता. नव्यानं लिहायला शिकायला वेळ नव्हता. मी त्याला माझ्याकडं होता तो एकच उपाय सांगितला. शाळेत वर्ग हसायचा तेव्हा तोंडातून आवाज फुटू नये म्हणून मी जे करायचो ते.

"खालचा ओठ दातात धर. सोडू नगंस."

त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा त्याच टेबलाशेजारी बसवला आणि त्यानं मी सांगितल्याप्रमाणं केलं. तो सांगितलेलं सगळं मनापासून करायचा, हेच त्याचं दुखणं. अर्ध्या वेळेत सुपरवायझर ओरडले म्हणून मी बघितलं, तर त्याची हनुवटी लाल झाली होती आणि उत्तरपत्रिकेवर थेंब. त्याला तोंड धुवायला बाहेर काढलं. आत आला तो वेळ संपत आल्यावर. कागदावर प्रस्तावना होती. सुंदर प्रस्तावना, पोथीच्या पहिल्या पानासारखी.

त्या संध्याकाळी त्यानं पेटी भरली. उरलेले पेपर न देता जातो म्हणाला. मी दार अडवलं. गेलास तर पळाला म्हणतील, मी त्याला सांगितलं, नापास व्हायचं तर बाकावर बसून हो. आजही कुणी मधेच परीक्षा सोडायची भाषा केली की मी हेच सांगतो. बोलायला क्रूर वाटतं, पण ज्याला हरायचंच आहे त्यानं निदान हरण्याची जागा तरी सोडू नये. तो बसला. राहिलेल्या सगळ्या पेपरांना तो सुजलेला ओठ घेऊन, तोंड मिटून बसला. काय लिहिलं मी विचारलं नाही.

निकाल पेपरात नंबरांनी छापून यायचा. तात्या फलटणला जाऊन पेपर घेऊन आले आणि पारावर आले. वाचता येत नव्हतं, पण आकडे ओळखायचे. भावाचा नंबर त्यांनी गावभर मिरवलेला, त्यामुळं सगळ्या पाराला तो पाठ होता. पानावर तो कुणालाच सापडेना. तलाठ्याच्या मुलानं पान हातात घेतलं, वरून खाली बोट फिरवलं आणि माझा नंबर वाचला. माझा नंबर ओळखणारा तिथं मी एकटाच होतो.

"ह्यो माझा," मी म्हणालो. एकदाही न अडखळता म्हणालो. त्या दिवसाचं मला अजून नवल वाटतं.

मग एक म्हातारा म्हणाला, व्हय, पर आमी ह्येला कवा वाचताना ऐकलंच न्हाई की. दुसरा म्हणाला, नंबर चुकून छापला आसंल. तात्यांनी आम्हा दोघा भावांना पाराच्या मधोमध यायला सांगितलं. मला म्हणाले, बी.ए. झालास न्हवं, मग सांग काय शिकलास ते. ऐकू दे गावाला.

मी उभा राहिलो. पुन्हा तो 'फ'. पुन्हा मान वाकडी, डोळे मिटलेले. मगाशी सुटलेली जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. पोरं हसायला लागली आणि मोठी माणसं दुसरीकडं बघायला लागली, त्यांना माझ्यापेक्षा विद्यापीठाची लाज वाटत होती. मी डोळे उघडले आणि खाली बसलो. मला जे येत होतं ते तिथं दाखवायला पारावर सरी नव्हती, आणि असती तरी वाचणार कोण.

तात्या मुलाकडं वळले. "तू म्हन."

तो म्हणाला. प्रकरण पहिलं, कारण पहिलं. सुरुवातीला घोगरा, मग मोकळा. पहिलं कारण झालं, दुसरं झालं, तिसरी ती आर्थिक कारणं, ज्यांच्यापर्यंत हॉलमध्ये तो पोचूच शकला नव्हता, ती पारावर एका दमात आली. एक शब्द चुकला नाही. राजाला पकडून आणलं तेव्हा पार पुढं सरकला. राणीचं मुंडकं उडालं तेव्हा ती आजी समाधानानं हुंकारली. अध्याय पुरा झाला. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, ह्येला नापास करनारं आंधळं हायेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून आजतागायत आमच्या गावाचं मत असं आहे, की खरा बी.ए. तोच.

तात्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता ते शब्द फिरवतील. पुन्हा बस म्हणतील, ऑक्टोबरला बस. कुणी अडवणार नव्हतं, पाराला तर तेच हवं होतं. भावालाही तसंच वाटलं असावं, कारण तो बापाकडं बघत राहिला होता आणि त्याच्या तोंडावर जत्रेतल्या पोरासारखी आशा होती. पण तात्यांनी गावादेखत बोललेला शब्द होता. मुलापेक्षा तो त्यांना मोठा होता. त्यांनी पाराला टेकून ठेवलेलं खोरं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"ऊठ. पान्याची पाळी आपल्याकडं हाय."

माझे वडील त्या वेळी माझ्याशेजारी होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो खाली काढला.

सांगलीला मला शिक्षकाची जागा मिळाली. निघालो तेव्हा पोचवायला कुणी आलं नाही आणि मला कुणी नको होतं. आमच्या रानाच्या कडेला रस्ता आहे, तिथं हात केला की एसटी थांबते. मी पेटी घेऊन उभा होतो. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला होता, आतला माणूस दिसत नव्हता. आवाज येत होता. प्रकरण पहिलं, कारण पहिलं. आत कुणी ऐकणारं नव्हतं तरी तोच सूर, वेशीपर्यंत जाईल असा. दुसरं कारण आलं. तिसऱ्याच्या तोंडाशी आला आणि कुठंतरी सरी फुटली असावी, कारण लांबून तात्यांची शिवी ऐकू आली, मग खोऱ्याचे भराभर घाव, मग काहीच नाही.

एसटी आली. मी पाय वर ठेवला तेव्हा उसातून पुन्हा आवाज सुरू झाला. पहिल्या कारणापासून.